अर्काईव्ह फाईलींची परस्परविसंगती आणि मराठी संशोधनसाधने : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे प्रादेशिक इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास मराठीबरोबरच उर्दू व फार्सी साधनांकडेही वळावे लागते. अशा साधनांवरील टिपणे संगणकावर एकत्र बांधून, म्हणजे अर्काईव्ह फाईल करून, पाठविली जातात. दुसऱ्या प्रणालीवर ती उघडताना नावे बिघडतात व मजकूर अगम्य होतो. या विसंगतीच्या कारणांचा येथे ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

गठ्ठा बांधण्याच्या पद्धती :
पेशवे दप्तरातील कागद रुमालात बांधून ठेवले जात. रुमाल सोडण्यास केवळ गाठ सोडावी लागे. कागद वाचण्यास मात्र मोडी यावी लागे. संगणकातही हे दोन प्रश्न वेगळे आहेत. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) आलेला ‘टार’ हा प्रोग्राम चुंबकीय फितीसाठी होता. तो फाईली जोडतो, त्यांचा आकार कमी करीत नाही. मॅकिंटॉशवर १९८७ मध्ये ‘स्टफिट’ आले. तेथे एका फाईलीचे दोन भाग असत. इतर प्रणालींवर नेताना दुसरा भाग गळून पडे. १९८९ मध्ये फिल कॅट्झ यांनी ‘झिप’ची रचना जाहीर केली. रचना खुली असल्यामुळेच इतरांना ती उघडणारे प्रोग्राम लिहिता आले. गाठीचा प्रश्न येथे बव्हंशी सुटला.

नावांचा प्रश्न :
झिपमधील नावांसाठी मूळ आधार आयबीएम संगणकाच्या अक्षरसंचाचा होता. त्यात देवनागरीला स्थान नव्हते. युनिकोडमध्ये नावे नोंदविण्याची तरतूद २००६ मध्ये झाली. तरीही ‘कऱ्हाड’सारखे नाव अडचणीत येते. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एक अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. मॅकची एचएफएस प्लस ही फाईल-व्यवस्था (१९९८) दुसरे रूप साठवीत असे. त्यामुळे डोळ्यांना सारखीच दिसणारी दोन नावे लिनक्सला भिन्न वाटतात आणि शोध घेतल्यास फाईल सापडत नाही.

मजकुराचा प्रश्न :
सर्वांत गंभीर हानी येथे संभवते. आयएससीआयआय हे भारतीय मानक १९९१ चे; युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तथापि पुढील अनेक वर्षे मराठी अक्षरजुळणी विशिष्ट फॉन्टांवरच चालली. त्यांत देवनागरी चिन्हांना रोमन अक्षरांचे क्रमांक दिलेले असत व प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. तो फॉन्ट नसल्यास प्रबंधाचे प्रकरण रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसते. गठ्ठा निर्दोष उघडतो, पण वाचता येत नाही.

निष्कर्ष :
विसंगती दूर झाली ती जेथे संकेत जाहीर झाले तेथेच. फॉन्टांवर टंकलिखित झालेले प्रबंध, मुलाखती व टिपणे यांना आजही हा धोका आहे. टंकलेखक व त्याचा संगणक दोन्ही काळाआड गेले की फॉन्टचे नावही लोपते. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयांनी मूळ फाईल न बदलता जपावी, तिची युनिकोड प्रत करावी, छापील प्रतीशी ती ताडून पाहावी आणि मूळ फॉन्ट, प्रणाली व वर्ष यांची नोंद सोबत ठेवावी. रुमालावरील चिठ्ठीचे मोल दप्तरखान्याला पूर्वीपासून ठाऊक आहे.