पाल्यातून धाग्यात

तासगाव-मिरज भागात तुती लावायची म्हटली की जाणता शेतकरी आधी शेजारची द्राक्षबाग किती लांब आहे ते बघतो. बागेवरची फवारणी वाऱ्याने तुतीवर आली आणि तो पाला रेशमाच्या अळ्यांनी खाल्ला, तर अख्खी बॅच हातची जाते. साताऱ्याकडे हीच धास्ती भाजीपाल्याच्या फवारणीची. पानावरचे अळीत उतरते हे ज्याला नुकसान सोसून कळले, त्याला ग्राफीनच्या रेशमाची कुळकथा चटकन उमगेल. तिची सुरुवातही तुतीवरच्या फवाऱ्यापासूनच होते.

ग्राफीन म्हणजे पेन्सिलीतल्या ग्राफाइटचा एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा. मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी 2004 मध्ये तो चक्क चिकटपट्टीने सोलून काढला. 2010 चे नोबेल त्यासाठीच. पुढे 2011 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी अळ्यांच्या खाद्यात रंग मिसळून मुळातच रंगीत धागा मिळवला. मग 2016 मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात यिंगयिंग झांग आणि सहकाऱ्यांनी ग्राफीन किंवा कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका 0.2 टक्के प्रमाणात पाण्यात मिसळून तुतीच्या पानांवर फवारल्या. तो पाला खाऊन अळ्यांनी कोष केले. त्यांचा धागा तुटण्याआधी साध्या रेशमापेक्षा निदान 50 टक्के जास्त ताण सोसत होता. 1050 अंश सेल्सिअसला तापवून त्याचा कार्बन केला, तर त्यातून वीजही वाहू लागली.

यातला मला सर्वांत विलक्षण वाटतो तो भाग धाग्याच्या आत आहे. पिकलेली अळी चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, चढते तेव्हा रेशीम तिच्या ग्रंथीत पातळच असते. ती डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत धागा ओढते. त्या ओढीने फायब्रॉइन या प्रथिनाच्या सैल, गुंडाळलेल्या साखळ्या सरळ होतात, एकमेकींना घट्ट बिलगून पदर धरतात. या पदरांना बीटा-पत्रे म्हणतात. त्यांच्या स्फटिकांतून धाग्याला बळ येते, मधल्या मोकळ्या साखळ्यांतून लवचिकपणा.

ग्राफीनने हे पदर वाढत असतील असे कुणालाही वाटेल. वर्णपटांच्या तपासणीत दिसले ते उलटे: कार्बनमुळे साखळ्यांचे बीटा-पत्र्यांत होणारे रूपांतर अडते. जास्त साखळ्या मोकळ्या राहिल्या, म्हणून धागा तुटण्याआधी जास्त लांबला आणि जास्त ऊर्जा पचवू शकला, असा संशोधकांचा कयास आहे. तो मला पटतो. नुसता ताठरपणा वाढला असता तर धागा कडक होऊन लवकर तुटला असता.

असे रेशीम सातारा-सांगलीत करून बघायचे असेल, तर तपास कोषापाशी संपवून चालणार नाही. आपल्याकडे बेडवरचा उरलेला पाला आणि अळ्यांची विष्ठा खताच्या खड्ड्यात जाते आणि तिथून शेतात. पाल्यावरचे ग्राफीन त्याच वाटेने मातीत उतरेल. त्या मातीचे नमुने धाग्याच्या चाचणीइतक्याच बारकाईने तपासायला हवेत.