जांभळ्या वाफेपासून गोळीपर्यंत

१८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा हा सोरा तयार करणारा कारखानदार समुद्रशेवाळाच्या राखेवर काम करत होता. नेपोलियनच्या लढायांना बंदुकीची दारू पुरत नव्हती, त्यामुळे सोरा मिळेल त्या मार्गाने हवा होता. राखेत गंधकाम्ल जरा जास्त पडले, भांड्यातून जांभळी वाफ उठली आणि थंड जागी तिचे काळसर चमकदार स्फटिक जमले. ते आयोडीन. १८२० मध्ये जिनिव्हाच्या कोंदे या डॉक्टरांनी ते गलगंडावर देऊन पाहिले, आणि १८२९ मध्ये पॅरिसच्या लुगोल यांनी त्याचे पाण्यातले द्रावण तयार केले. हे द्रावण आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून मिठात आयोडीन घातले जाऊ लागले. आपल्याकडे ही वाट कांगड्याच्या खोऱ्यातून निघाली. तिथे १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ पुरवून शाळकरी मुलांचे गळे वर्षानुवर्षे तपासले. गलगंड ओसरत गेला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या तिरोड्याच्या किराणा दुकानात मिठाच्या पुड्यावर आयोडीनची खूण म्हणून हसरा सूर्य दिसतो, त्यामागे ही सारी मेहनत आहे.

दरम्यान १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. वाऱ्याने रोंगेलाप बेटावर किरणोत्सारी पांढरी राख आणली आणि मुले तिच्यात खेळली. लोकांना तिथून हलवायला दोन दिवस गेले. १९६३ पासून त्या मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत गाठी सापडू लागल्या. कारण असे, की ग्रंथीला साधे आणि किरणोत्सारी आयोडीन वेगळे ओळखता येत नाही. किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावर पडते, गाईच्या पोटातून दुधात येते आणि मुलाच्या इवल्याशा ग्रंथीत साठते. ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरलेली असेल, तर त्याला जागाच मिळत नाही. मात्र त्यासाठी मिठातले आयोडीन पुरत नाही. प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमची, तर आणीबाणीच्या गोळीत १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड असते, आणि किरणोत्सारी आयोडीन पसरल्यापासून काही तासांच्या आत ती पोटात जावी लागते. १९६९ मध्ये आपल्याच राज्याच्या पश्चिम टोकाला तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, तेव्हा हे ज्ञान जगाकडे होते.

तरीही २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तेव्हा शेजारच्या प्रिप्यात शहरात गोळ्या वाटल्या गेल्या, पण दूरच्या असंख्य खेड्यांतली मुले नव्या गवतावर चरलेल्या गाईंचे दूध पीत राहिली. पोलंडने मात्र मॉस्कोच्या खुलाशाची वाट पाहिली नाही. २९ एप्रिलपासून शाळा-दवाखान्यांतून आयोडीनचे द्रावण पाजायला सुरुवात झाली आणि सुमारे १ कोटी मुलांपर्यंत ते पोचले. पोलिश लोक आजही त्याला लुगोलचेच नाव देतात. तेव्हा दीडशे वर्षे जुन्या असलेल्या त्या बाटलीला इतका मोठा मान दुसऱ्या कुणी दिलेला मला ठाऊक नाही.

खेड्यांत वाया गेलेल्या त्या काही तासांची भरपाई पुढे दोन दशके चालली. मार्च १९९० मध्ये पहिली आजारी मुले उपचारांसाठी क्युबात उतरली. हवानाजवळच्या तारारा इथे २०११ पर्यंत सुमारे २५,००० रुग्णांवर मोफत उपचार झाले, आणि तेही सोव्हिएत मदत आटून क्युबा स्वतः हलाखीत असताना. १९९१ पासून हिरोशिमा-नागासाकीच्या परंपरेतले जपानी डॉक्टर ससाकावा प्रतिष्ठानच्या मदतीने बेलारूस, युक्रेन आणि रशियात उतरले आणि पाच वर्षांत सुमारे १,६०,००० मुलांची तपासणी झाली. मिन्स्कच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मुलांमधल्या थायरॉइड कर्करोगाची वाढ जगासमोर मांडली. २००५ पर्यंत अशा रुग्णांची संख्या ६,००० च्या वर गेली. वेळेवर शस्त्रक्रिया झाल्याने त्यांतले बहुतेक जगले.

तारारातले काम थांबले त्याच वर्षी, मार्च २०११ मध्ये, फुकुशिमा केंद्रातल्या अणुभट्ट्या वितळल्या. सरकारचा आदेश येत नव्हता. मिहारू या छोट्या गावाच्या प्रशासनाने १५ मार्चला स्वतःच्या जबाबदारीवर गोळ्या वाटल्या आणि वरून परत मागितल्या तेव्हा दिल्या नाहीत. पुढे जपानने अणुकेंद्रांपासून ५ किलोमीटरच्या आतल्या घरांत या गोळ्या आधीच देऊन ठेवायला सुरुवात केली.