अखेरचा ताप

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या हे आपल्या सामाजिक इतिहासाचे मोठे साधन आहे. यजमानाचे नाव, गाव, कूळ, आधीच्या पिढ्या असे सारे त्यांत सापडते. माणूस कशाने गेला आणि त्याचे शेवटचे आठ दिवस कसे गेले, हे मात्र त्यांत शोधू नये. नामावळीचे ते कामच नव्हे. तरी एक प्रश्न उरतो. मरणानंतरच्या विधींची रामकुंडावर इतकी चोख व्यवस्था आहे, मग मरणाआधीच्या दिवसांची काय होती? त्या दिवसांत घरच्यांना सर्वांत घाबरवणारी गोष्ट म्हणजे ताप. त्याच्याकडे पाहण्याची रीत कशी बदलत गेली, एवढेच येथे पाहू.

प्राणी ज्वरासह जन्मतात आणि ज्वरासहच मरतात, असा विचार चरकसंहितेच्या निदानस्थानात आहे. त्याच ग्रंथाचे इंद्रियस्थान हे आख्खे प्रकरण जवळ आलेले मरण ओळखण्याच्या लक्षणांना वाहिलेले आहे. तेव्हा अखेरचा ताप जुन्या वैद्याला अनपेक्षित नव्हता. पण असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याचा पैसा, विद्या आणि कीर्ती यांची हानी होते, असा इशाराही सूत्रस्थानात दिलेला आहे. मरण ओळखावे आणि बाजूला व्हावे, असा त्याचा रोख. त्यापुढचे सारे घरच्यांनी आणि देवाने पाहायचे.

थोरल्या माधवरावांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळी चढणारा आणि रात्री घाम फुटून उतरणारा ताप ही क्षयाची जुनी ओळख. त्या रोगाने खंगलेल्या पेशव्यांनी अखेर थेऊरच्या चिंतामणीचा आश्रय घेतला आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. त्यांच्या मातोश्री गोपिकाबाई त्या काळात नाशिकजवळ गंगापूरला राहत. राज्याच्या धन्यालाही शेवटी जे मिळाले ते देऊळ, नामस्मरण आणि जवळची माणसे. क्षयावर गुणकारी औषध येण्यास अजून पावणेदोनशे वर्षे होती.

तापाचा आकडा झाला तो एकोणिसाव्या शतकात. १८६६च्या सुमारास ऑलबट या इंग्रज डॉक्टरने खिशात मावणारा थर्मामीटर बनवला. १८६८मध्ये वुंडरलिश या जर्मन डॉक्टरचा रुग्णांच्या तापमानावरील ग्रंथ आला. १८९९मध्ये अॅस्पिरिन बाजारात आले, विसाव्या शतकाच्या मध्यावर पेनिसिलिन आणि पॅरासिटामॉल. लाखो माणसे वाचली. मात्र ताप म्हणजे उतरलाच पाहिजे असा आकडा, ही समजूतही घराघरांत रुजली. तो उतरला नाही, तर कोणीतरी कमी पडले असे वाटू लागले.

या समजुतीला वेगळे उत्तर दिले हॉस्पिसने. सिसिली साँडर्स यांनी १९६७मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आपल्याकडे १९८६मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन उभे राहिले. ते भारतातले पहिले हॉस्पिस. २०१२मध्ये महाराष्ट्राने उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले, आणि त्याच्या आरंभीच्या जिल्ह्यांत नाशिक होता.

येथे तापाला विचारायचा प्रश्नच बदलतो: याने रुग्णाला त्रास होतो आहे का? कारणे अनेक असतात. फुप्फुसातला किंवा लघवीचा जंतुसंसर्ग, पाठीला पडलेल्या जखमा, एखादे औषध, कधी खुद्द कर्करोगाची गाठ. जंतुसंसर्ग असला तरी प्रतिजैविक द्यावे की नाही, हे त्याने आराम पडणार की फक्त सुया वाढणार, यावर ठरवतात. गिळता येत नसेल तर पॅरासिटामॉल गुदद्वारावाटे देता येते. पांघरूण हलके करतात, कोमट पाण्याने अंग पुसतात. गार पाण्याने हुडहुडी भरते. ओठ आणि तोंड ओले ठेवतात. आपल्या आज्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत, पुढे कोलनवॉटर आले. त्या स्पर्शाला येथे पुन्हा मान आहे. अंग तापलेले आणि हातपाय गार, हे शेवटच्या दिवसांत घडू शकते, हेही घरच्यांना आधीच सांगितले जाते.

ते आधी सांगण्याला फार मोल आहे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर रात्री आजोबांना १०३ ताप चढला की मुले गाडी शोधतात. घाटरस्त्याने शहर गाठायचे, अनोळखी खाटेवर नळ्या लावायच्या, आणि कधी वाटेतच सारे संपते. यात मुलांचा दोष नाही. हा ताप कोणता, त्याला घरी काय करायचे आणि रात्री कोणाला फोन करायचा, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

जुन्या वैद्याला मरण ओळखता येत होते, पण ओळखल्यावर तो उठून जाई. नव्या इस्पितळाने उठून जाणे नाकारले, पण मरण ओळखणेही बरेचसे सोडून दिले. ओळखायचे आणि तरी उशाशी बसून राहायचे, ही तिसरी रीत आपल्याकडे जेमतेम चाळीस वर्षांची आहे. ती गावच्या आरोग्यसेविकेपर्यंत पोचली, तर पुष्कळ माणसांची शेवटची रात्र रस्त्यावर जाणार नाही.