मुक्त पत्रकाराच्या जिवाची जबाबदारी कोणाची?

युद्धवार्तांकनाच्या इतिहासात नावे उरतात ती बहुधा मोठ्या वृत्तसंस्थांच्या पगारी प्रतिनिधींची. मुक्त पत्रकारांच्या सुरक्षेची व्यवस्था कशी उभी राहिली, याचा शोध घेताना मला तीन टप्पे दिसले. तिन्हींच्या मुळाशी मृत्यू आहेत.

१९८९ मध्ये चार मुक्त कॅमेरामननी 'फ्रंटलाइन न्यूज टेलिव्हिजन' सुरू केले. त्यांपैकी निकोलस डेला कासा १९९१ मध्ये कुर्द प्रदेशात मारले गेले. रॉरी पेक ३ ऑक्टोबर १९९३ रोजी मॉस्कोतील ओस्तान्किनो दूरचित्रवाणी केंद्राबाहेरच्या गोळीबारात. चार वर्षांत निम्मे संस्थापक गेले. पेक यांच्या पत्नी ज्युलिएट आणि मित्रांनी १९९५ मध्ये 'रॉरी पेक ट्रस्ट' स्थापन केला. मुक्त पत्रकारांना व त्यांच्या कुटुंबांना तो मदत करतो, प्रशिक्षणाचा खर्चही उचलतो. त्याची गरज होतीच. माजी सैनिकांनी चालवलेल्या सुरक्षा-वर्गांचे शुल्क पगारी वार्ताहरासाठी कंपनी भरे. मुक्त पत्रकाराला ते स्वतःच्या खिशातून भरावे लागे.

दुसरा टप्पा लिबियातला. २० एप्रिल २०११ रोजी मिसराता शहरात उखळी तोफेच्या गोळ्याने छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन जखमी झाले आणि रुग्णालयाच्या वाटेवर रक्तस्रावाने गेले. जखम वेळीच दाबून धरता आली असती तर ते कदाचित वाचले असते, हे त्यांचे सहकारी सेबॅस्टियन युंगर यांना नंतर कळले. सोबत पत्रकार होते, पण प्रथमोपचार शिकलेले हात नव्हते. युंगर यांनी 'रिस्क' ही संस्था काढून मुक्त पत्रकारांना रणभूमीवरील प्रथमोपचार विनामूल्य शिकवायला सुरुवात केली.

तिसरा टप्पा सीरियाचा. २०१४ मध्ये जेम्स फोली आणि स्टीव्हन सॉटलॉफ या मुक्त पत्रकारांच्या हत्येनंतर, फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सुरक्षेची तत्त्वे जाहीर झाली. पत्रकाराने प्रशिक्षण, विमा आणि संरक्षक साधनांशिवाय जाऊ नये; संस्थेने त्याची काळजी पगारी माणसाइतकीच घ्यावी. मात्र ही तत्त्वे ऐच्छिक आहेत, आणि सारे घोडे तिथेच अडते.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा मंजूर केला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्यात आहे. पण त्याची व्याख्या नोकरीत वा कंत्राटावर असलेल्या पत्रकाराची आहे, आणि शिक्षा हल्ल्यानंतरची. हल्ल्याआधीचे शिक्षण आणि विमा कोणी द्यायचा? माझ्या मते उत्तर सरळ आहे: जो बातमी विकत घेतो, त्याने ती आणणाऱ्याच्या जिवाचा खर्चही किमतीत धरावा.