बॅरिस्टर नाथ पै आणि घटनादुरुस्तीचा प्रश्न

आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत साधा ठराव बहुमताने संमत होतो. परंतु नियमावलीतील कलम बदलावयाचे झाल्यास दोन-तृतीयांश मते लागतात. गतवर्षी यावरून बराच वाद झाला. सभा संपल्यावर एका सातवीतील मुलाने आम्हांस विचारले, "गुरुजी, बहुमत ते बहुमत, मग याला जास्त मते कशाला?" प्रश्न लहान, पण राज्यघटनेचे पुष्कळसे मर्म त्यात आहे.

संसद कायदे करते, मंत्रिमंडळ ते अमलात आणते, न्यायालय न्यायनिवाडा करते आणि या तिघांनाही घटनेची मर्यादा असते, हे आम्ही नागरिकशास्त्राच्या तासाला वर्षानुवर्षे शिकविले. परंतु ही मर्यादा घालणारी घटनाच बदलावयाची झाली, तर तो अधिकार कोणाचा व कोठपर्यंत? हा प्रश्न लोकसभेत धसास लावणारे गृहस्थ आपल्याच किनाऱ्यावरचे होते. वेंगुर्ल्यास १९२२ साली जन्मलेले कै. बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ व १९६७ या तिन्ही निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून विजयी झाले.

घटनेच्या ३६८ व्या कलमात दुरुस्तीची रीत दिली आहे. प्रत्येक सभागृहात एकूण सभासदांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मते हवीत. काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. मूलभूत हक्कांनाही ही रीत लागू आहे, असे १९५१ व १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले होते. पण पंजाबातील गोलकनाथ कुटुंबाच्या जमिनीच्या खटल्यात, २७ फेब्रुवारी १९६७ रोजी, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी उलट निर्णय दिला. मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती संसदेस यापुढे करता येणार नाही, असे ठरले.

जमिनीचा प्रश्न कोकणी माणसास परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील खोती संपविणारा कायदा १९४९ सालचा. असे कायदे मालमत्तेच्या हक्काच्या आक्षेपावर अडू नयेत म्हणून १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती करावी लागली होती. गोलकनाथ निकालाने जुन्या दुरुस्त्या वाचल्या खऱ्या, पण पुढची वाट बंद झाली.

नाथ पै यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये बिनसरकारी विधेयक मांडले. घटनेतील कोणतेही कलम विहित रीतीने दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेस आहे, हे त्याचे सार. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर दीर्घ चर्चा झाली. समाजवादी मंडळींतही एकमत नव्हते. आज दोन-तृतीयांश मते आहेत म्हणून उद्या भाषणस्वातंत्र्यही काढून घ्याल काय, असा विरोधकांचा सवाल होता. तो पोकळ नव्हता, असे आमचे प्रामाणिक मत आहे. मात्र लोकांनी निवडलेल्या संसदेवर विश्वास टाकणे ही नाथ पै यांची भोळी समजूत होती, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. विधेयक मांडणारा गृहस्थ सत्ताधारी पक्षाचा नव्हता. विरोधी बाकावरचा होता, हे ध्यानात घ्यावे.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली व विधेयक तसेच राहिले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावी नाथ पै यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. त्यांना जे हवे होते, ते त्याच वर्षी सरकारने चोविसाव्या दुरुस्तीने केले.

केशवानंद भारती खटल्यात, २४ एप्रिल १९७३ रोजी, तेरा न्यायाधीशांनी या दुरुस्तीचा विचार केला. दुरुस्ती त्यांनी उचलून धरली. म्हणजे नाथ पै यांचे म्हणणे मान्य झाले. पण सात विरुद्ध सहा अशा बहुमताने असेही ठरले की, घटनेची मूलभूत चौकट संसदेस मोडता येणार नाही. म्हणजे विरोधकांची भीतीही मान्य झाली! पुढे आणीबाणीत, १९७६ साली, बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेच्या या अधिकारास मर्यादाच नाही असे घटनेत लिहिले गेले. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द केले.

त्या मुलास हे सारे आम्ही सांगितले, तेव्हा त्याने पुन्हा विचारले, "मग मंडळाच्या नियमावलीत न बदलण्यासारखे कलम कोणते?" कार्यकारिणीने याचे उत्तर पुढील सभेत द्यावे, अशी आमची विनंती आहे.