विजयी सेनापतीने मोहीम अर्ध्यावर का सोडली?

१/ साल १८०७. युद्ध जिंकत आलेले असताना एक सेनापती सैन्य सोडून मक्केची वाट धरतो. पराभवाची भीती हे त्याचे कारण नव्हते. त्याला स्वपक्षाचाच वीट आला होता. आजच्या उत्तर नायजेरियातील फुलानी विद्वान अब्दुल्लाही दान फोदियो यांची ही कथा. #थ्रेड

२/ फुलानी हा पश्चिम आफ्रिकेत दूरवर पसरलेला, मूळचा पशुपालक समाज. त्यातील काही घराणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या अध्यापन करीत. अशाच एका घराण्यात १७६६च्या सुमारास अब्दुल्लाहींचा जन्म झाला. थोरले बंधू उस्मान हेच त्यांचे गुरू.

३/ गोबिर या हौसा राज्यात उस्मान जाचक करांवर आणि लाचखोरीवर टीका करीत. अनुयायी वाढले, तसे राजाशी वितुष्टही वाढले. फेब्रुवारी १८०४मध्ये त्यांनी डेगेल हे गाव सोडले आणि जिहाद पुकारला.

४/ जूनमध्ये ताबकिन क्वाट्टो येथे गोबिरचा राजा युन्फा याच्या घोडदळाशी गाठ पडली. अब्दुल्लाहींच्या लहानशा फौजेची मदार होती तिरंदाजांवर. तरीही विजय त्यांचाच झाला.

५/ पण विजयाबरोबर लूट आली, लुटीबरोबर लोभ. अन्यायाविरुद्ध उठलेले लोकच ऐषारामाला लागलेले पाहून अब्दुल्लाही निघाले. वाटेत कानो शहरातील लोकांनी त्यांना थांबवून घेतले. त्यांच्यासाठी त्यांनी ‘दिया अल-हुक्काम’ हा राज्यकर्त्यांच्या कर्तव्यांवरील ग्रंथ लिहिला आणि ते परतले.

६/ १८०८मध्ये गोबिरची राजधानी अल्कालावा पडली. १८१२मध्ये उस्मान यांनी राज्याचा कारभार वाटून दिला : पूर्वभाग पुत्र मुहम्मद बेल्लोकडे, पश्चिमभाग अब्दुल्लाहींकडे. ग्वांडूच्या अमिरांची गादी ती हीच.

७/ १८१७मध्ये उस्मान निवर्तले. अब्दुल्लाही सोकोटोला धावले, तो नगराचे दरवाजे बंद! आत बेल्लोची निवड झाली होती. ज्येष्ठ चुलता अपमान गिळून माघारी फिरला.

८/ पुढे कलाम्बैना येथे बंडखोरांनी अब्दुल्लाहींना जेरीस आणले, तेव्हा बेल्लोच मदतीस आला. विजयानंतर दोघे घोड्यांवरून समोरासमोर आले. परंपरा सांगते, की चुलत्याच्या मानाखातर बेल्लो उतरू लागला. पण अब्दुल्लाहींनी त्याला थांबवले आणि स्वतःच आधी मान लववली. दुरावा मिटला.

९/ १८२८च्या सुमारास ग्वांडू येथे त्यांचे निधन झाले. जेत्यांचा इतिहास बहुधा आत्मस्तुतीने भरलेला असतो. अब्दुल्लाहींनी मात्र ‘तझयीन अल-वरकात’ या आपल्या ग्रंथात विजयांबरोबर सहकाऱ्यांच्या अधःपतनाचीही नोंद केली. आपल्याच विजयाची झडती घेणारा असा साक्षीदार इतिहासात विरळाच.