लॅम्डा सेन्सर : उत्सर्जन नियंत्रण आणि जुन्या मोटारींची देखभाल

अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने मोटारींच्या उत्सर्जनावर कठोर मर्यादा घातल्या. त्या पाळणारा त्रिमार्गी उत्प्रेरक परिवर्तक कार्यक्षम राहण्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या जवळ असावे लागते. हे प्रमाण राखण्यासाठी बॉश कंपनीचा लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वो मोटारींत प्रथम बसविण्यात आला. एक्झॉस्टमधील ऑक्सिजननुसार तो संकेत देतो : पेट्रोल अधिक असल्यास सुमारे ०.९ व्होल्ट, हवा अधिक असल्यास ०.१ व्होल्ट.

मात्र शिसे, काजळी व तेलाचा धूर यांमुळे सेन्सर मंदावतो. मोटार चालत राहते, पण प्रदूषण वाढते. यासाठीच कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलपासून दोषनिदान प्रणाली अनिवार्य झाली. १९९६ मध्ये तिचे प्रगत रूप अमेरिकाभर लागू झाले. तथापि सूचक दिवा लक्षण दाखवितो, कारण नव्हे. एक्झॉस्ट पाइपला सेन्सरच्या अलीकडे गळती असल्यास बाहेरची हवा आत शिरते आणि निर्दोष सेन्सरही दोषी भासतो. म्हणून जुन्या मोटारीत सेन्सर बदलण्यापूर्वी पाइप, वायरिंग व व्होल्टेज तपासणे आवश्यक ठरते. कायद्याने मोटार स्वच्छ केली. ती स्वच्छ राखणे मात्र कारागिराच्या अचूक निदानावरच अवलंबून राहिले.